अंगचा आजार

पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी अंगणवाडीतून घरी आले, तर सासूबाई ओटीवर पाय सोडून बसल्या होत्या आणि पाकीट त्यांच्या मांडीवर होतं. पोस्टमन देऊन गेला होता. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पाकिटावरचा सरकारी सिंहाचा शिक्का त्या ओळखत. लेक लष्करात असताना असली पाकिटं घरी यायची.

"वाच गो," त्या म्हणाल्या. "काय लिवलानी हाय?"

आमचे हे रत्नागिरीला औषधं आणायला गेले होते. त्यांची वाट बघावी असं मनात आलं, पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघून मी पाकीट फोडलं. मजकूर इंग्रजीत होता. मी बारावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पत्राचा रोख कळला. अपंगत्वाची पेन्शन देता येत नाही. आजार सैनिकी नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. पुढे एक शब्द अडला, तो मोबाईलवर बघितला. प्रकृतीतलाच, मुळातला, असा अर्थ निघाला.

"नाही म्हणतात," मी सांगितलं. "फिट येण्याचा आजार नोकरीत लागलेला नाही म्हणे. अंगचाच आहे."

"अंगचा म्हंजे?"

"मुळातलाच. जन्मापासूनचा."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे माज्या पोटातनं घेऊन आला, असा?"

मी म्हटलं, तसं नाही, ही सरकारी भाषा असते, सगळ्यांनाच असं लिहितात. त्या उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरात भात करपला. त्यांच्या हातून भात करपलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

आमची वाडी रत्नागिरीपासून आत, कातळ ओलांडून गेलं की खालच्या उतारावर. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. हे एकटेच फौजेत, म्हणून सगळे त्यांना मिलिटरीवाला म्हणत. माझं माहेर आरे-वारेच्या अंगाला, समुद्रालगत. मला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मोठी माणसं बोलत बसली आणि हे माझ्या भावाबरोबर समुद्रावर पोहायला निघून गेले. ओल्या केसांनी परत आले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "माझ्याकडून होय आहे." माझी आई ही गोष्ट सगळ्यांना सांगून हसायची. मलाही तोच माणूस आवडला होता, अंगावरून खारं पाणी निथळत दारात उभा राहिलेला.

शिमग्याला ते कसंही करून रजा काढत. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. दोन गडी पुढे, दोन मागे, आणि ढोलाच्या तालावर पालखी अशी हलते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पुढचा उजवा खांदा यांचा असायचा. सासूबाई गर्दीत मागे उभ्या राहत, देवीकडे कमी आणि लेकाकडे जास्त बघत.

पहिली फिट यांना बर्फातल्या एका चौकीवर आली. तिथे ते कित्येक महिने होते. फोन आठवड्यातून एकदा लागायचा आणि बोलणं निम्म्यात तुटायचं. आधी झोप लागत नाही म्हणायचे, डोकं जड असतं म्हणायचे. मग एक दिवस त्यांच्या सोबत्याचा फोन आला. म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. पहाऱ्यावरून उतरल्यावर चहा घेता घेता पडला. आता शुद्धीवर आहे. खाली हॉस्पिटलला नेलाय." त्यानंतर हॉस्पिटलं, तपासण्या, हलकी कामं, पुन्हा तपासण्या. शेवटी मेडिकल बोर्डाने नोकरीसाठी अपात्र ठरवलं आणि घरी पाठवलं. साधी पेन्शन मिळायला जी पंधरा वर्षं लागतात ती भरली नव्हती. उरली ती अपंगत्वाची, आणि तिच्यासाठी आजार नोकरीत लागला हे मान्य व्हावं लागतं.

घरी आल्यावरची पहिली फिट मी पाहिली ती दारापुढच्या खळ्यात. हे लाकडं फोडत होते. कुऱ्हाड हातातून सुटली आणि माणूस आडवा झाला. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरायला धावल्या, शेजारचा एक जण हुंगवायला चप्पल घेऊन आला. मला हॉस्पिटलातल्या नर्सने फोनवर सांगून ठेवलं होतं, की कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, मान मोकळी ठेवायची. मी सगळ्यांना ओरडून बाजूला केलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी भोवती कोण कोण आहे ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ओठातून रक्त येत होतं. "सगळ्यांनी बघितलं काय?" एवढंच विचारलं.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. आंब्याच्या कलमांवर चढायचं नाही. मोटारसायकल माझ्या भावाला देऊन टाकली. रत्नागिरीत एका दुकानात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. तिथे दोनदा पडले तेव्हा मालकाने हात जोडून नको म्हटलं. आंब्याच्या हंगामात बागेत खाली बसून फळं निवडायचं काम तेवढं करत. माहेरी गेलं की माझा भाऊ समुद्रावर चला म्हणायचा. हे जायचे, पण वर सुरुबनातच बसायचे. पहिल्या शिमग्याला गावकऱ्यांनी मोठ्या मायेने सांगितलं, "तू नुसता हात लाव, खांद्यावर नको घेऊ." त्यांनी हात लावला, नमस्कार केला आणि घरी येऊन झोपले. बाहेर ढोल वाजत होता. सासूबाई त्या वर्षी पालखी बघायला गेल्या नाहीत.

पत्रावर आम्ही अपील केलं. रत्नागिरीत माजी सैनिकांसाठीचं कार्यालय आहे, तिथे एक म्हातारे निवृत्त सुभेदार येऊन बसत. त्यांनी अर्ज लिहून दिला. ते अपील फेटाळलं गेलं, दुसरंही. दोन्ही वेळा कारण तेच, शब्दसुद्धा तेच. सुभेदार म्हणाले, "आता वरच्या लोकांना विनवण्यात अर्थ नाही. मुंबईला सैनिकांसाठी न्यायाधिकरण आहे, तिथे जा. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, लष्करातूनच निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा रत्नागिरीला येतात."

वकीलसाहेबांना भेटायला आम्ही तिघं गेलो. सासूबाईंना कोणी चला म्हटलं नव्हतं. त्या सकाळीच धुवट लुगडं नेसून तयार होऊन बसल्या होत्या. वकीलसाहेबांनी कागद नीट वाचले, यांना बऱ्याच गोष्टी विचारल्या. कुठे कुठे होतात, झोप कशी होती, डोक्याला मार लागला होता का. मग म्हणाले, "घरात आणखी कोणाला हा त्रास होता? आईकडून, वडलांकडून?"

"नाही साहेब," हे म्हणाले. "बोर्डानेही विचारलं होतं. कोणालाच नाही."

"माज्या भावाला व्हता," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्या वकीलसाहेबांकडे बघत बोलत होत्या, आमच्याकडे नाही.

"माज्या पाठचा. गुरांकडं जायचा. पऱ्यात पानी पिवाक वाकला आनि तितंच फिट आली. ढोपरभर पान्यात बुडून गेला. बानं माज्या सांगितलान, कुनाला बोलायचा नाय, तुजा लगीन व्हायचा नाय. मी नाय बोलले. माज्या घोवालापन नाय सांगितलेला."

एवढी वर्षं आमच्या घरात त्या भावाचा उल्लेख कोणी ऐकला नव्हता. यांना तर असा मामा होता हेच ठाऊक नव्हतं.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, सांगितलंत ते बरं केलंत. पण हे ऐकून घ्या. मामाला होतं म्हणून भाच्याला झालं, असं ठामपणे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरसुद्धा नाही. तुमच्या मुलाला फौजेत घेतलं तेव्हा त्यांच्याच डॉक्टरांनी तपासून, धडधाकट म्हणून घेतलं. कागदावर एकाही आजाराची नोंद नाही. मग आता अंगचा म्हणायचं असेल तर का म्हणतो ते त्यांनी सांगायला हवं. ते त्यांनी कुठेच सांगितलेलं नाही. आपली केस एवढीच आहे."

"पन मी सांगितला ह्याच्यानं त्याचा नुकसान नाय ना व्हनार?"

"कोर्टाने विचारलं तर आपण खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर तो प्रश्नच येत नाही."

तिथून निघून आम्ही एसटी स्टँडवर आलो. मला वाटलं, हे आईवर रागावतील. त्यांनी तिला बाकावर बसवलं, चहा आणून दिला आणि ती बशीत ओतून पिते तोवर समोर उभे राहिले. मग विचारलं, "आये, मामा केवढा होता?"

"तुज्या खांद्याला लागला असता," त्या म्हणाल्या आणि बशी खाली ठेवली.

त्या दिवसापासून सासूबाईंच्या मनाने घेतलं की आपल्याला कोर्टात उभं करणार. काम करता करता त्या मध्येच थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "असा बोलू काय?" मग न्यायाधीशापुढे काय सांगणार ते सांगायच्या. कधी त्यात भाऊ असायचा, कधी पोटात लेक असताना आलेला ताप, कधी ग्रहणाच्या दिवशी विळीला लावलेला हात. प्रत्येक वेळी गुन्हा नवा, पण आरोपी त्याच. मी कितीदा समजावलं. हे एकदा चिडून म्हणाले, "आये, खटला पेन्शनचा आहे, तुझ्यावर नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुला काय ठावं? लिवलानी हाय तसा."

सुनावणीला त्यांना मुंबईला न्यावंच लागलं. हट्टच धरला होता. यांच्या चुलतभावाच्या खोलीत उतरलो आणि सकाळी टॅक्सीने न्यायाधिकरणात गेलो. मागच्या खुर्च्यांवर आमच्यासारखीच माणसं होती. एकाचा पाय गुडघ्याखाली नव्हता. एक बाई नवऱ्याचा फोटो पिशवीत घेऊन आली होती. तो गेला होता, आणि त्याची केस ती लढवत होती. सगळ्यांच्या मांडीवर फायली. समोर उंचावर दोघं बसले होते, एक न्यायमूर्ती आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी.

आमचा नंबर जेवणानंतर आला. बोलणं सगळं इंग्रजीत. सरकारी वकील बोलले, मग आमचे बोलले. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना काहीतरी विचारलं, त्यांनी फाईल चाळली आणि मुदत मागितली. पुढची तारीख पडली. मी वेळ बघितली नाही, पण शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून, पिऊन, परत ठेवली तेवढ्यात सगळं आटोपलं होतं.

सासूबाई उठेनात. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं तरी त्या समोर बघत बसून होत्या. मी दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात त्या थांबल्या.

"मला कोनी इचारलाच नाय," त्या म्हणाल्या.

"विचारायचं काही नव्हतंच, आई."

"एवडी लांब आले. माज्याकडं बगितलानीपन नाय."

वकीलसाहेबांनी सांगितलं की आजची चर्चा आपल्या बाजूची होती. न्यायमूर्तींनी विचारलं होतं की बोर्डाने आजार अंगचा ठरवला तो कशावरून, आणि सरकारी वकिलांना उत्तर सापडलं नाही. हे ऐकून यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण ज्याची त्या वाट बघत होत्या ते झालं नव्हतं. कोणीतरी त्यांना विचारायला हवं होतं आणि त्यांचं ऐकून, बाई तुझी चूक नाही, असं उंचावर बसून म्हणायला हवं होतं. तसं कोर्टात होत नाही. तिथे बोर्डाचं चुकलं की नाही एवढंच बघतात.

त्या वर्षी गणपती गेले आणि त्यांना ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला. रत्नागिरीला दवाखान्यात नेलं तेव्हा त्या अर्धवट शुद्धीत होत्या. डॉक्टरांनी खूप केलं. मी उशाशी बसले होते, हे खाली औषधं आणायला गेले होते. त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं.

"तारीख कदी हाय गो?"

"दिवाळीनंतर आहे. तुम्ही बऱ्या व्हाल तोवर."

"इचारलानी तर सांग. मी काय लपवून नाय ठेवलेला. सगला सांगितलाय."

"सांगेन," मी म्हटलं.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. अग्नी देण्यासाठी यांना उभं केलं तेव्हा फिट येईल अशी सगळ्यांना धास्ती होती. दोन्ही बाजूंना दोघं उभे राहिले. त्या दिवशी त्यांना काही झालं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परसात पडले, आणि शुद्धीवर येता येता सवयीने "आये" म्हणून हाक मारली.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं बागेत होतो. हे पेंढा पसरून आंबे मांडत होते. निकालाचे कागद मोबाईलवर आले आणि मी कलमाच्या सावलीत बसून, अडखळत, वाचून दाखवले. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालावं लागतं. तसं नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण द्यायला हवं. इथे कारण दिलेलं नाही. शंकेचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. अर्ज मंजूर.

"म्हणजे अंगचा नाही?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. "तसं नाही लिहिलेलं. अंगचा आहे हे त्यांना दाखवता आलं नाही, असं लिहिलंय."

ते हातातला आंबा फिरवत राहिले. "मग आयेला काय सांगितलं असतं आपण?"

मी मोबाईल पिशवीत ठेवला. कायद्याने जे द्यायचं ते दिलं होतं, आणि ते आमच्या हक्काचं होतं. त्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण बर्फाने झालं, जागरणाने झालं, की त्या न पाहिलेल्या मामाकडून आलं, हे कोणाला माहीत? सासूबाई असत्या तर निकाल ऐकून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि मी त्यांना "तुमच्यामुळे नाही" म्हणून सांगितलं असतं. त्यांनी ते मानलं असतं असं मला वाटत नाही.

सरकार त्या निकालाविरुद्ध हायकोर्टात गेलं. पुन्हा तारखा, पुन्हा वाट. तिथेही निकाल आमच्याच बाजूने राहिला आणि शेवटी पेन्शन सुरू झाली. वाडीत कोणी पेढे मागितले तर हे हसून देत. पण घरात त्याचा आनंद असा झाला नाही. फिट अजून येतात. औषधं बदलल्यापासून कमी, इतकंच.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस ते म्हणाले, "मला आयेच्या माहेरी जायचं आहे." सासूबाईंचं माहेर राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडे, खाडीपासून आत. त्यांच्या आईवडलांनंतर तिथे येणंजाणं राहिलं नव्हतं. आम्ही एसटीने गेलो. घरात यांच्या चुलत मामाची म्हातारी बायको होती. तिने आम्हाला ओळखलं नाही. कोणाचा लेक ते सांगितल्यावर मात्र तिने यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

जेवणं झाल्यावर यांनी विचारलं, "मामी, आयेचा भाऊ पऱ्यात गेला, ती जागा कुठली?"

"तुला कोनी सांगितलान?"

"आयेने."

"तिनं सांगितलान?" मामीने पदराने डोळे पुसले. "मी ह्या घरात नवी आलेली तवा. लई हसरा व्हता तो. माजी नक्कल करायचा, मी डोक्यावर हंडा घेऊन कशी चालते ती. तो गेल्यावर घरात त्याचा नाव घेवाक बंदी. चुलत सासरे बोलू द्यायचे नायत."

ती काठी टेकत आमच्या पुढे चालू लागली. दगडी गडग्याच्या कडेने पायवाट खाली उतरत होती. पऱ्या म्हणजे लहानसा ओढाच, पाणी थोडंच होतं, काळ्या दगडांमधून झिरपत जाणारं. एका रुंद कातळापाशी ती थांबली. "हतं."

तिथे काही नव्हतं. दगड, पाणी, वर करंजाचं झाड. हे कडेला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ पाण्यात बघत होते. मी मागेच थांबले. मग ते मामीकडे न बघता म्हणाले, "मामी, मलाही फिट येतात. मामाला यायच्या तशा."

परक्या माणसापुढे त्यांनी हे आपल्या तोंडाने सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी सांगायची, नाहीतर डॉक्टर सांगायचे, नाहीतर कागद.

मामी घाबरली नाही, हळहळलीही नाही. तिने काठी माझ्या हातात दिली, पुढे गेली आणि त्यांच्या मनगटाला धरलं.

"मंग पान्याच्या कडंला कशाला हुबा रवलास?" ती रागाने म्हणाली. "हकडं ये. हतं सावलीत बस."

ते आले आणि तिच्या शेजारी बसले. ती मामाच्या नकला सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले.